खळ्यावर ताशी सत्त्याण्णव

बी-१९०२, सागरवैभव हाइट्स,
अंधेरी (प.)
८ जून २०२५

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. याआधीचं शेवटचं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, 'मित्रास सहलीचे वर्णन', पाच मार्कांचं. त्यानंतर थेट आज. तुझी अट मान्य आहे म्हणून लिहितोय. तुझी भावजय विनिता परवा पापलेटांबरोबर निरोपही घेऊन आली: "भाऊजी म्हनतात, फोनवर लिवलेलं तुम्ही पुसता, तवा काय ते कागदावर द्या." अरे, शाळेच्या ग्रुपवर मासळीच्या वासाचा तो विनोद मी टाकला, आणि दोन मिनिटांत काढलाही. तेवढ्यावरून तू ग्रुप सोडलास. असो. पन्नाशी उलटली तरी तुझं नाक शाळेत होतं तेवढंच लांब आहे.

कामाचं बोलतो. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये 'सागरवैभव स्पीड क्लब' आहे. रिमोटवर धावणाऱ्या बग्ग्या, चार चाकी, हातभर लांब. प्लीज त्यांना खेळणी म्हणू नकोस, यज्ञेशना ते सहन होत नाही. यज्ञेश म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन आणि क्लबचेही अध्यक्ष. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, क्लबमध्ये मात्र अजून नुसता मेंबर. सप्टेंबरात स्पर्धा आहे. सरळ रेषेत दोन धावा, जास्तीत जास्त वेग मोजायचा, आणि दुसऱ्या धावेनंतर बग्गी स्वतःच्या चाकांवर उभी असली पाहिजे. गेल्या वर्षी माझी बग्गी नऊ सेकंद टिकली. नवव्या सेकंदाची चर्चा लिफ्टमध्ये अजून चालू आहे.

तर मला वेगाला झेपेल अशी मजबूत बग्गी हवी. तू आयुष्यभर होड्यांची इंजिनं उघडून बसलास, म्हणून तुला विचारतो. तीन नजरेत आहेत. 'स्टॉर्म फ्यूरी': संपूर्ण अ‍ॅल्युमिनियम, दिसायला राजेशाही, यज्ञेशनी तीच सुचवली. 'डेझर्ट किंग': नायलॉनचे भाग, दिसायला गरीब. तिसरी जपानी, तिचं मॅन्युअलसुद्धा मला वाचता येत नाही.

आणि दुसरी विनंती. सरावाला लांब, सपाट जागा हवी. तुमचं मासळी सुकवायचं खळं दोनशे पावलं आहे, कोबाही गुळगुळीत. माझ्या बाल्कनीतून रोज दिसतं. नुसतं रिकामं पडून आहे. काही रविवार मिळेल का?

तुझा,
सुबोध

*

कोळीवाडा, भिंतीच्या अलीकडे
११ जून २०२५

रा. रा. सुबोधशेठ,

पत्र पोचलं. विनिताने ते बांगड्यांखाली ठेवलं होतं, त्यामुळे तुझ्या त्या जाड, सुवासिक कागदाची वाट लागली आहे. बरं झालं. आता माणसाने लिहिल्यासारखं वाटतं. तिला तुमच्या बिल्डिंगमध्ये सामानाच्या लिफ्टने यावं लागतं हे तुला सेक्रेटरी म्हणून माहीत असेलच. तुझं पत्रही त्याच लिफ्टने उतरलं.

आधी बग्गी. बावन्न वर्षांचा घोडा चार चाकांचं खेळणं (हो, खेळणंच) पळवायला सल्ला मागतोय, आणि तोही माझ्याकडे. हसून झालं. आता ऐक.

अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नकोस. चमकतं ते सगळं मजबूत असतं हे तुला शाळेपासून वाटतं. म्हणून तर तू मॉनिटरच्या मागे फिरायचास. ताशी शंभरने जाणारी वस्तू कधीतरी ठोकणारच. ठोकली की चाक धरणारा नायलॉनचा हात वाकतो आणि परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकतो आणि तसाच राहतो. मग तुझी बग्गी आयुष्यभर डावीकडे चालते. त्यातून आमच्याकडे हवेत मीठ. ते राजेशाही अ‍ॅल्युमिनियम श्रावणापर्यंत पांढरं पडेल.

मॅन्युअल वाचता येत नाही ती तर मुळीच घेऊ नकोस. आम्ही बोटीचं इंजिन घेताना पहिला प्रश्न विचारतो, तुटल्यावर भाग कुठे मिळेल? पाच मिनिटांत मिळाला तर इंजिन चांगलं. बाकी सगळी जाहिरात. डेझर्ट किंग घे. गरीब दिसते म्हणतोस, पण शर्यत काय लग्नाला जाते?

आता खळं. "नुसतं रिकामं पडून आहे" म्हणे. अरे अक्कलवंता, पावसात मासळी सुकते का? जून ते सप्टेंबर आम्ही बांबूच्या वलांड्या उतरवून ठेवतो. ऑक्टोबरात परत उभ्या करतो, त्यांवर बोंबील लटकतात, ते थेट मेपर्यंत. पण ऑक्टोबरपासून तुम्ही खिडक्या लावून घेता, त्यामुळे तुला फक्त रिकामं खळं दिसतं.

आणि हे नीट वाच, विनोद नाही. ऑक्टोबरात कोळीवाड्याच्या हद्दीची सरकारी मोजणी आहे. खळं 'मासळी सुकवण्याची जागा' म्हणून कागदावर आलं तर आमचं. 'मोकळी जागा' म्हणून आलं तर तुझ्या बिल्डिंगला एक धाकटी बहीण होणार. माझ्या पार्वतीसकट चाळीस बायकांचं घर त्या कोब्यावर चालतं. पार्वती सध्या रात्रीची उठून बसते आणि मला विचारते, "जागा गेली तं कुटं सुकवायचं, तुज्या डोक्यावर?"

तरी ये. पाऊस उघडला की रविवारी सकाळी. दोस्ताला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

अनंता

*

बी-१९०२, सागरवैभव हाइट्स
२९ जून २०२५

प्रिय अनंता,

रागावू नकोस. स्टॉर्म फ्यूरी घेतली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं होतं. पण यज्ञेशनी लॉबीत सगळ्यांसमोर विचारलं, "काय सुबोधजी, कोणती?" आणि त्या क्षणी 'डेझर्ट किंग' हे नाव माझ्या तोंडातून बाहेर पडेना. माणसाला एक सामाजिक बाजू असते.

आज बेसमेंटमध्ये चालवून पाहिली. वेग अप्रतिम. मी बोट जरासं दाबलं आणि ती दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली ती खांब क्रमांक बी-४ला. पुढचा उजवा हात वाकलाय आणि आता ती तू म्हणालास तशीच चालते, फक्त डावीकडे नाही, उजवीकडे. म्हणजे तुझंही पूर्ण बरोबर नव्हतं. नवा हात मागवला तर परदेशातून यायला सात आठवडे.

आणखी एक. टायर वेगात इतके फुगतात की बग्गी चाकांच्या कडांवर उभी राहून थरथरते. हे नॉर्मल आहे का?

नीलम म्हणते, एवढं मन लावून तू संसारातलं एकही काम केलं नाहीस. बायकोला स्पोर्ट्स कळत नाही. बाकी तिने पार्वती वहिनींना नमस्कार सांगितलाय, आणि सुके बोंबील संपत आले आहेत असंही.

विनिताबरोबर बग्गी पाठवतोय. सरळ करता येते का बघ.

तुझा,
सुबोध

*

कोळीवाडा
२ जुलै २०२५

सुबोध,

बग्गी सुरमईखालून सुखरूप आली. पार्वतीने आधी तिची खवलं काढायचा प्रयत्न केला.

हात ऐरणीवर ठेवून सरळ केला. पण एकदा वाकलेलं अ‍ॅल्युमिनियम सरळ केलं की दुसऱ्यांदा ते मोडतंच. बेसमेंटमध्ये शोभेला फिरव, लॉबीत लोकांना दाखव. शर्यतीला नेऊ नकोस.

टायरचं: रबर वेगात पुरीसारखं फुगतं, म्हणून गाडी नाचते. आतून कापडी पट्टा चिकटवलेले टायर मिळतात, तेच घे. बॅटरी चार्ज करताना पत्र्याच्या डब्यात ठेव आणि समोरून उठू नकोस. ती फुगली तर टायरसारखी नुसती नाचत नाही, पेट घेते. आणि पहिल्या धावेआधी प्रत्येक स्क्रूला तो पातळ निळा डिंक लाव, नाहीतर शंभरच्या वेगात स्क्रू पाऊस पाडतात.

आणि एक सांगू? तुला बग्गी कुठली हवी हे कळत होतं. तोंडातून नाव निघालं नाही एवढंच. हा रोग टायरपेक्षा वाईट. शाळेत मास्तरांनी विचारलं होतं ना, फळ्यावर चित्र कुणी काढलं? ते आपण दोघांनी मिळून काढलं होतं. छड्या मी एकट्याने खाल्ल्या. तू खाली बघून पेन्सिलीला टोक करत होतास. मी ते केव्हाच विसरलो. बघ, तारीखसुद्धा आठवत नाही, फक्त वार आठवतो. गुरुवार.

डेझर्ट किंग घेऊन रविवारी ये.

अनंता

*

बी-१९०२
२७ जुलै २०२५

प्रिय अनंता,

आजचा रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. ताशी नव्वद! ते मोजणाऱ्या जीपीएसच्या डबीवर विश्वास बसेना म्हणून तू स्वतः पावलं मोजून, घड्याळ लावून पुन्हा पाहिलंस. डेझर्ट किंग तीनदा उलटली, एकदा तुमच्या विहिरीच्या कठड्याला धडकली, आणि परत उठून पळाली. मी डोळे पुसले ते वाऱ्यामुळे.

वहिनींनी मला दारातच "चपला भायेर!" म्हणून अडवलं तेव्हा मला जरा कसंसंच झालं. पण अन्न सुकतं तिथे पायताण घालून जायचं नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या क्लबहाउसमध्येही खास बूट घालावे लागतात. तत्त्व तेच. आणि तो कोळंबीचा रस्सा! नीलमला सांगितलं तर ती भांडायला लागली, मला का नेलं नाहीस म्हणून.

आता एक मागणी आहे, नाही म्हणू नकोस. क्लबची स्पर्धा आमच्या बेसमेंटमध्ये होऊच शकत नाही, खांब फार. यज्ञेश विचारत होते, सप्टेंबरात एक रविवार खळ्यावर घेतली तर? मीच सुचवलं. अनंता, इथे सात वर्षं राहूनही मला लोक 'ते जोगेश्वरीच्या चाळीतून आलेले' म्हणतात. एकदा माझ्या शब्दावर एवढी जागा मिळाली तर त्यांना दिसेल की माझीही कुठे ओळख आहे.

फार माणसं नसतील. वीस-बावीस. थोडे फोटो काढतील, एवढंच.

तुझा,
सुबोध

*

कोळीवाडा
३० जुलै २०२५

सुबोध,

फोटोचं वाचून पार्वतीने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, "आमच्या जागेचं फोटो त्यांना कशाला?" मी म्हटलं, अगं मोठी माणसं आहेत, जेवायच्या आधीसुद्धा फोटो काढतात. ती चुलीकडे वळली, पटलं म्हणून नाही.

नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला की आमच्या होड्या निघतील, मग मला उसंत नाही. पण सप्टेंबराचा दुसरा रविवार धर, चौदा तारीख. वलांड्या तोवर उतरलेल्याच असतात. अटी तीनच. चपला बाहेर. बाटल्या नाहीत. आणि शर्यत संपली की कोबा धुऊन द्यायचा, यज्ञेशसाहेबांसकट.

तुझ्या चाळीचं म्हणशील तर त्या लोकांना सांग, ह्याच चाळीतल्या पोराने आमच्या होडीत बसून दहावीचा अभ्यास केला आणि वर्गात पहिला आला. मी नापास झालो, पण होडी माझी होती.

गिअर एका दाताने मोठा करून देतो. पाच-सात किलोमीटर वाढतील.

अनंता

*

बी-१९०२
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय अनंता,

सत्त्याण्णव! ताशी सत्त्याण्णव! यज्ञेशची ती अ‍ॅल्युमिनियमची राणी ऐंशीवर गेली आणि हवेत उडाली. उतरली तेव्हा तीन तुकड्यांत होती. माझी डेझर्ट किंग दुसऱ्या धावेनंतर स्वतःच्या चाकांवर उभी! तू कडेला उकिडवा बसून रिमोटकडे नाही, माझ्या अंगठ्याकडे बघत होतास, आणि "आता सोड" म्हणालास ते अगदी वेळेवर. नाहीतर भिंत होती.

रात्री यज्ञेशनी क्लबमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा. मला कमिटीत घ्यायचं म्हणतात.

त्यांनी ड्रोनवरून फिल्मही घेतली आहे, फार सुंदर आलीय. वरून खळं इतकं मोठं आणि मोकळं दिसतं की तुला ओळखू येणार नाही. क्लबच्या कामासाठी ते वापरतील. बाकी विशेष काही नाही.

कोबा धुवायचं राहिलं याबद्दल क्षमस्व. सगळ्यांना ब्रंच होता. मी माणूस पाठवणार होतो, पण विनिता म्हणाली बायकांनीच धुतला.

तुम्हा दोघांचे उपकार मी कसे फेडू?

तुझाच,
सुबोध

*

कोळीवाडा
२८ सप्टेंबर २०२५

सुबोध तळवडेकर,

उपकार फिटले. काल आमच्या मच्छीमार सोसायटीला मोजणी कचेरीतून एका अर्जाची नक्कल आली. सागरवैभव हाइट्सचा अर्ज, तारीख बावीस सप्टेंबर. म्हणजे तुझं ते 'तुझाच' लिहून झाल्यावर बरोबर सात दिवसांनी.

त्यात लिहिलंय: "सदर जागा दीर्घकाळ विनावापर पडून असून परिसरातील रहिवासी तिचा क्रीडा व मनोरंजनासाठी वापर करतात. पुराव्यादाखल चित्रफीत सोबत जोडली आहे. सबब सदर जागा मोकळी जागा म्हणून नोंदवावी व क्रीडा ट्रॅकसाठी तिचा विचार व्हावा." चित्रफीत आम्ही पाहिली. फार सुंदर आलीय, तू म्हणालास तशी. तुझी बग्गी पळते, तुमची माणसं टाळ्या पिटतात, आणि कडेला उकिडवा बसून हसणारा काळा माणूस मी आहे. माझ्याच जागेत मासळी सुकत नाही याचा साक्षीदार म्हणून मीच बसलोय. खाली सही, सेक्रेटरी, सुबोध तळवडेकर. अक्षर अजून चांगलं आहे तुझं.

 पार्वती भांडली असती तर बरं झालं असतं. खळ्याच्या मधोमध जाऊन बसली आणि सारखा कोब्यावरून हात फिरवत राहिली. मला लाज वाटली. चाळीस बायकांनी मला विचारलं, जागा त्यांना दिली कुणी? मी दिली. चार महिने पावसाचे, म्हणून रिकामी दिली. आमच्यात रिकाम्या खळ्यावर कुणाचंही पोर खेळतं, लग्नाचा मांडव पडतो, कुणी हिशोब ठेवत नाही. रिकामं म्हणजे सोडलेलं असा अर्थ आमच्या डोक्यात कधी आलाच नाही. तो तुझ्या मजल्यावरून दिसतो.

शिव्या लिहिल्या होत्या, तो कागद पार्वतीने फाडला. म्हणून एकच मागतो. नऊ ऑक्टोबरला, गुरुवारी, मोजणी आहे. तू ये आणि अधिकाऱ्यासमोर एक वाक्य बोल, की पाऊस संपला की इथे मासळी सुकते. खरं आहे तेवढंच बोल. बाकी आयुष्यात तुझ्याकडे काही मागणार नाही.

अनंता

*

बी-१९०२
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनंता,

दसऱ्याच्या शुभेच्छा. तुझं पत्र वाचून मन विषण्ण झालं.

तू समजतोस तसं ते नाही. सेक्रेटरीची सही ही व्यक्तीची नसते, पदाची असते. ठराव कमिटीत झाला, मसुदा वकिलांनी केला, सह्या झाल्या. मी त्या दिवशी 'विनावापर' या शब्दाला हरकत घेणार होतो, पण अजेंड्यावर पुढचा विषय लगेच आला, गच्चीवरच्या गळतीचा. शिवाय ट्रॅक झाला तर कोळीवाड्यातल्या पोरांनाही सवलतीत प्रवेश द्यावा असं मी सुचवलं आहे आणि ते मिनिट्समध्ये आहे. तुमचाही फायदाच बघितला मी.

तू माझ्या जागी उभा राहून बघ. माझं घर इथे आहे. सकाळ-संध्याकाळ ह्याच लोकांच्या लिफ्टमधून मला जायचं आहे.

तरीही तू मागितलंस म्हणून नऊ तारखेला मी येईन. नक्की येईन. योग्य वेळ पाहून योग्य ते बोलेन.

नीलमला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्याकडे बोलू नको, एवढं विनितालाही सांग.

सुबोध

*

कोळीवाडा
११ ऑक्टोबर २०२५

सुबोध,

तू परवा साडेअकराला मीटिंग आहे म्हणून निघून गेलास. त्यानंतर काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल, म्हणून लिहितो.

आधी तू होतास तेव्हाचं. तुला येताना पाहिलं आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पार्वतीला मी कोपराने ढोसून म्हटलं, बघ, आला. तू जाऊन यज्ञेशच्या मागे उभा राहिलास, तरी मला वाटलं, योग्य वेळ बघत असेल. मग यज्ञेश त्या मोजणीच्या मॅडमना म्हणाला की ह्या वलांड्या कालच उभ्या केल्यात, तुम्हाला दाखवायला. त्या कालच उभ्या केल्या होत्या, खरंच. दर ऑक्टोबरात करतो. पण मॅडमना ते कसं कळणार? त्यांनी चांगला प्रश्न विचारला. कोळीवाडा स्वतःच्या बाजूनेच बोलणार, समोर राहणारं कुणी आहे का? यज्ञेशने तुला पुढे केलं. आणि तू म्हणालास, "मी एकोणिसाव्या मजल्यावर असतो मॅडम, एवढ्या वरून नीट कल्पना येत नाही."

'नाही' म्हणाला असतास तर मी तुला तिथेच धरला असता. तू तेही म्हणाला नाहीस. तुझी सगळी पत्रं माझ्या शर्टच्या खिशात होती. पहिल्याच पत्रात बाल्कनीतून रोज दिसतं असं तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे. हात खिशापर्यंत गेला होता. पण दोस्ताचं पत्र सरकारी माणसापुढे धरायला मला जमलं नाही. मूर्ख म्हण. पार्वतीने तेच म्हटलं.

तू गेलास. मॅडमनी पेनाचं टोपण उघडलं आणि लिहायला लागल्या. तेवढ्यात नीलम वहिनी आल्या. विनिताने त्यांना सांगितलं होतं. हो, तू नको म्हणाला होतास तरी. विनिता तुमच्या पगारावर नाही.

वहिनींनी कुणाकडे बघितलं नाही. मॅडमसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी नीलम सुबोध तळवडेकर, बी-१९०२. सात वर्षं मी दर ऑक्टोबर ते मे ह्याच खळ्यावर येऊन सुके बोंबील घेते. ह्याच पार्वतीताईंकडून. लिहून घ्या."

यज्ञेश म्हणाला, "वहिनी, जरा विचार करून बोला. तुमचे मिस्टर सेक्रेटरी आहेत."

वहिनी म्हणाल्या, "त्यांच्यासाठीच तर नेते. बोंबलाची चटणी नसली तर त्यांना घास उतरत नाही. तुम्हाला वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून खातात."

चाळीस बायका अशा हसल्या की धक्क्यावरचे कावळे उठले. मॅडमही हसल्या, मग तोंड सरळ करून त्यांनी फ्लॅट नंबर पुन्हा विचारला आणि लिहून घेतला. वहिनींनी सही केली. तुमच्या दोनशे घरांतून आमच्या बाजूने ती एकच सही आहे. त्यावर आमच्या सोसायटीच्या जुन्या विक्रीच्या पावत्या जोडल्या आणि मॅडमनी आमच्यासमोर नोंद केली, 'मासळी सुकवण्याची जागा, वापरात'. पार्वती रडली. मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं. वहिनींचा हात तिने बराच वेळ सोडला नाही.

घरी तुमच्यात काय झालं ते मी विचारणार नाही. वहिनी जाताना एवढंच म्हणाल्या की आजपासून त्या स्वतःचं नाव दारावरच्या पाटीवर वेगळं लावणार आहेत.

मी रागावलेलो नाही, सुबोध. रागावलो असतो तर भांडून मोकळा झालो असतो. मला वाईट वाटलंय. पन्नास माणसांत तू मला ओळखलं नसतंस तरी चाललं असतं. तू मला ओळखून तोंड फिरवलंस.

काल पहिले बोंबील वलांडीवर चढले. ऊन चांगलं आहे, चार-पाच दिवसांत खडखडीत होतील. वहिनींचा वाटा पार्वती बाजूला ठेवणार आहे. पुढच्या रविवारी त्यांना यायला सांग.

तू येऊ नकोस.

अनंता